म्हातारी पेशी आणि तिचा सातबारा

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षं होते. तिथला उणे ८० अंशांचा फ्रीझर वर्षातून एकदा आवरावा लागे आणि ते काम हमखास सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडे. पहिल्या वर्षी ते माझ्याकडे आलं. हातात जाड मोजे, दार उघडलं की अंगावर येणारी गार वाफ, पुठ्ठ्याच्या प्रत्येक डब्यात ८१ घरं आणि घराघरात बोटाच्या पेराएवढी एकेक कुपी. एका कुपीवर मार्करनं लिहिलं होतं : 'लंग ओल्ड २'.

लंग म्हणजे फुप्फुस, इथवर ठीक. पण ओल्ड म्हणजे काय? म्हाताऱ्या माणसाचं फुप्फुस? म्हाताऱ्या उंदराचं? की नवे नमुने आल्यावर आधीची खेप 'ओल्ड' झाली? आणि २ म्हणजे दुसरा माणूस, दुसरा तुकडा की दुसऱ्यांदा केलेला प्रयोग? कुपी ठेवणारी मुलगी पीएचडी आटपून परदेशी गेली होती. तिला मेसेज केला तर उत्तर आलं, "अगं, माझ्या वहीत असेल बघ." वही कुठेच नव्हती. कुपी पिवळ्या पिशवीत गेली, जाळायला.

आतला नमुना बहुधा ठणठणीत होता. त्याचा कागद तेवढा हरवला होता. सातबारा हरवलेल्या जमिनीसारखं झालं : माती आहे तिथेच आहे, पण कुणाची, किती, कुठून कुठवर, काही सांगता येत नाही.

पुढे सेननेटबद्दल वाचायला लागले तेव्हा ती कुपी फार आठवली. सेननेट हे सुटसुटीत नाव. पूर्ण नाव 'सेल्युलर सेनेसन्स नेटवर्क'. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. माणसाच्या १८ ऊतींमध्ये, म्हणजे फुप्फुस, हृदय, मूत्रपिंड, चरबी अशा १८ ठिकाणी, वार्धक्य आलेल्या पेशी नेमक्या कुठे बसल्या आहेत याचा नकाशा काढायचा, हे त्याचं काम. वेगवेगळ्या विद्यापीठांतले गट ऊती गोळा करतात, त्यांच्यावर प्रयोग करतात आणि सगळी माहिती एका समन्वय केंद्राकडे पाठवतात. बातम्या होतात त्या पेशींच्या. मला लिहायचंय ते या समन्वय केंद्राच्या कामाबद्दल. कारकुनी वाटणारं हे काम नीट झालं नाही तर बाकीचं सगळं माझ्या त्या पिवळ्या पिशवीत जातं.

थांबलेली पेशी

आधी पेशीचं बघू. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला घेतल्या. त्या म्हणे मरेचनात. १९४६ पर्यंत, म्हणजे खुद्द कॅरेल गेल्यानंतरही, ते भांडं चालू होतं. त्यामुळे पेशी मुळात अमर असतात, म्हातारं होतं ते शरीर, असं अख्खं जग जवळजवळ अर्धं शतक मानत होतं. प्रत्यक्षात पेशींना खाऊ म्हणून जो गर्भाचा अर्क घालत त्यातूनच बहुधा ताज्या पेशी आत शिरत होत्या.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या गर्भातल्या साध्या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. दोष भांड्यातल्या पाण्याचा नाही ना, हे बघायला त्यांनी फार साधी युक्ती केली. पुष्कळ वेळा दुप्पट झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि कमी वेळा झालेल्या बाईच्या पेशी एकाच भांड्यात घातल्या. एकच पाणी, एकच खाऊ. काही काळानं पुरुषाच्या पेशी संपल्या होत्या आणि बाईच्या वाढत होत्या. म्हणजे मोजदाद पेशीच्या आतच चालते. हेफ्लिक यांच्या पेशी मधेच गोठवल्या आणि काही वर्षांनी वितळवल्या, तरी जिथे मोजणी सोडली होती तिथूनच पुढे सुरू करत.

या मोजणीचा एक भाग म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांची झीज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ चं नोबेल मिळालं ते याच टोकांच्या अभ्यासासाठी. पण पेशी थांबायला झीजच लागते असं नाही. किरणोत्सारानं डीएनए तुटला, कर्करोगाकडे ढकलणारं जनुक चुकून चालू झालं, तरीही ती थांबते. दोन कड्या घातल्या जातात. पी५३ आणि पी२१ ही एक जोडी, आणि दुसरं पी१६ नावाचं प्रथिन. एकदा या लागल्या की पेशी पुन्हा दुभंगत नाही.

आणि मरतही नाही. इथून खरी गंमत सुरू होते. थांबलेली पेशी, म्हणजेच आपली म्हातारी पेशी, फुगते, पसरट होते आणि आजूबाजूला दाह वाढवणारी रसायनं सोडत राहते. निवृत्त झालेले, पण रोज सकाळी ऑफिसात येऊन आपल्याच जुन्या खुर्चीत बसणारे आणि सगळ्या खात्यांना चिठ्ठ्या पाठवणारे साहेब असतात ना, तसं. या चिठ्ठ्यांचा अभ्यास जुडिथ कँपिसी यांच्या गटानं केला आणि २००८ मध्ये तो सविस्तर छापला. चिठ्ठ्या वाचून शेजारच्या चांगल्या पेशीही थांबू लागतात. २०१८ मधल्या एका प्रयोगात तरुण उंदरांच्या शरीरात अशा थोड्या पेशी सोडल्या, प्रमाण दर १०,००० पेशींमागे जेमतेम एक. ते उंदीर हळू चालू लागले, त्यांची पकड सैल झाली.

मग काढून टाका ना या पेशी! २०११ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या गटानं नेमकं हेच केलं. लवकर म्हातारे होणारे खास उंदीर घेतले, त्यांच्यातल्या पी१६वाल्या पेशी मारल्या, आणि म्हातारपणाच्या कित्येक तक्रारी लांबल्या. २०१६ मध्ये साध्या उंदरांवर तोच प्रयोग करून पाहिला, तर त्यांचं आयुष्य साधारण पाव हिश्श्यानं वाढलं. २०१५ मध्ये डॅसॅटिनिब हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध आणि क्वेर्सेटिन हे वनस्पतींत मिळणारं द्रव्य अशी जोडी पुढे आली. क्वेर्सेटिन कांद्यात असतं, त्यामुळे 'कच्चा कांदा खा, तरुण राहा' छापाचे मेसेज तुमच्याही ग्रुपवर आले असतील. हिशेब करून बघा. २०१९ मध्ये फुप्फुस कडक होण्याच्या आजाराच्या १४ रुग्णांवर जी पहिली चाचणी झाली, तीत क्वेर्सेटिन १,२५० मिलिग्रॅम होतं. १०० ग्रॅम कांद्यात ते साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असतं. म्हणजे बसल्या बैठकीला तीन ते सहा किलो कांदा. शिवाय डॅसॅटिनिब कांद्यात नसतंच.

पुढची वाट इतकी सरळ निघाली नाही. गुडघ्याच्या संधिवातावर गुडघ्यातच टोचायचं असं एक औषध २०२० मध्ये चाचणीत पडलं. नुसत्या खाऱ्या पाण्यासारख्या खोट्या इंजेक्शनहून ते वेदना जास्त कमी करत नव्हतं. त्याच वर्षी उंदरांच्या यकृतावरचा एक अभ्यास आला. पी१६ जोरात असलेल्या पेशी काढल्या तर यकृत सुधारायच्या ऐवजी त्यात घट्टे पडायला लागले, कारण त्या पेशी तिथे काहीतरी कामाचं करत होत्या. जखम भरताना अशा पेशी लागतात, हे २०१४ मध्ये कळलं होतं. गर्भ घडतानाही त्या दिसतात, हे त्याच्या आदल्या वर्षी. आणि मुळात बिघडलेली पेशी थांबते म्हणून कित्येक कर्करोग होत नाहीत, हे विसरून चालणार नाही.

म्हणजे 'म्हातारी पेशी' ही एक जात नव्हे. गावात ज्याला त्याला 'बाहेरचा' म्हणावं तसं ते नाव आहे. त्यात पाहुणाही आला आणि चोरही. कोण कुठे आहे आणि काय करतोय हे कळल्याशिवाय औषध मारणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं.

निळा रंग

ओळखायच्या कशा, यावर १९९५ मध्ये एक उत्तर मिळालं होतं. गोबर्धन दिमरी हे पहिले लेखक आणि प्रयोगशाळा कँपिसी यांची. पद्धत आजही तीच आहे. पेशींवर एक द्रावण ओतायचं, त्याची आम्लता, म्हणजे पीएच, नेमकी ६ वर धरायची, आणि रात्रभर ३७ अंशांना ठेवायचं. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर थांबलेल्या पेशी निळ्याशार. त्यांच्यात बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर खच्चून भरलेलं असतं, इतकं की त्याला न मानवणाऱ्या आम्लतेतही ते काम करतं. पहिल्यांदा हा निळा रंग दिसतो तेव्हा फार समाधान वाटतं. रांगोळीचे ठिपके पडल्यासारखे.

पण शरीरातला कचरा खाणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या पेशीही निळ्या होतात, आणि त्या थांबलेल्या असतातच असं नाही. पी१६ सुद्धा त्यांच्यात सापडतं. द्रावण नीट जमलं नाही तर भलत्याच पेशी निळ्या. पी२१ तर क्षणिक तणावातही वाढतं आणि उतरतं. एकही खूण अशी नाही की तिच्यावर बोट ठेवून म्हणावं, हीच ती. म्हणून आता तज्ज्ञ म्हणतात की दोनतीन वेगवेगळ्या प्रकारच्या खुणा एकत्र दिसल्या तरच पेशी थांबलेली माना. सेननेटच्या लोकांनी २०२४ मध्ये कुठल्या ऊतीत कुठल्या खुणा भरवशाच्या याच्या शिफारशी छापल्या, त्या याच विचारानं. फुप्फुसात चालणारी खूण चरबीत चालेलच असं नाही.

दुसरी अडचण संख्येची. माणसाच्या शरीरात अंदाजे ३७ लाख कोटी पेशी आहेत आणि थांबलेल्या पेशी बहुतेक ऊतींत शेकडा एखाददुसरी. समजा तुम्ही एका नमुन्यातल्या ८,००० पेशींची चालू जनुकं एकेक करून वाचली. शेकडा एक धरली तर ८० हाती लागतील. त्या ८० मध्ये पुन्हा रक्तवाहिनीच्या वेगळ्या, अस्तराच्या वेगळ्या, स्नायूच्या वेगळ्या. एकेका प्रकाराच्या वाट्याला पाचदहा. पाचदहा पेशींवरून म्हातारपणाचा सिद्धांत कोण मांडणार? आणि या पेशी फुगलेल्या असतात, त्यामुळे पेशी सुट्या करून बारीक नळीतून एकेक सोडणाऱ्या यंत्रात त्या अडकतात, गाळणीत राहतात किंवा फुटतात. ज्यांना शोधायचं त्याच गाळात. म्हणून पुष्कळ ठिकाणी अख्ख्या पेशीऐवजी नुसतं केंद्रक काढून वाचतात.

एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातलं हे काम नाही. पिट्सबर्गचं फुप्फुस, कनेक्टिकटचं मूत्रपिंड, येलमधल्या लसिका ग्रंथी अशी भर सगळ्यांनी घालावी लागते. आणि इथेच 'लंग ओल्ड २' उभं राहतं. पंधरावीस ठिकाणांहून आलेल्या कुप्यांवर पंधरावीस हातांचं लिखाण.

गट नंबर, चतुःसीमा, फेरफार

समन्वय केंद्राचं बरंचसं काम पिट्सबर्गमध्ये चालतं : तिथलं विद्यापीठ, कार्नेगी मेलन आणि दोघांचं मिळून असलेलं महासंगणक केंद्र. नकाशाचा भाग इंडियाना विद्यापीठाकडे. ही मंडळी आधीपासून ह्यूबमॅप नावाच्या २०१८ मधल्या प्रकल्पावर काम करत होती. निरोगी माणसाच्या शरीरातल्या पेशींचा नकाशा हा त्याचा विषय. त्यामुळे सेननेटला घर नव्यानं बांधावं लागलं नाही.

पहिलं काम नावांचं. ऐकायला किरकोळ वाटतं. पी१६ चंच बघा. पी१६ हे प्रथिनाचं नाव, जनुकाचं नाव सीडीकेएन२ए. आता हे एकच जनुक दोन वेगळ्या पद्धतींनी वाचलं जातं आणि दोन पूर्ण वेगळी प्रथिनं तयार होतात; दुसऱ्याला माणसात पी१४ म्हणतात आणि उंदरात पी१९. कारण ही नावं प्रथिनाच्या वजनावरून पडली आणि दोघांची वजनं वेगळी! एका गटानं फाइलमध्ये 'पी१६' लिहिलं, दुसऱ्यानं 'सीडीकेएन२ए', आणि तिसऱ्यानं प्रथिन न मोजता आरएनए, म्हणजे जनुकाची कामचलाऊ नक्कल, मोजला, ज्यावरून दोघांतलं कोणतं प्रथिन बनतंय हे बहुतेकदा कळतच नाही. तिघांचे आकडे एका रकान्यात टाकले की झालाच घोळ. म्हणून प्रत्येक जनुकाला, प्रत्येक अवयवाच्या भागाला, प्रत्येक प्रकारच्या पेशीला जगन्मान्य यादीतला एक क्रमांक असतो आणि फाइलमध्ये तोच जावा लागतो. 'लेफ्ट लंग', 'लंग लेफ्ट' आणि 'एल. लंग' तिघं संगणकाला तीन वेगळे अवयव वाटतात.

नावांवरून आठवलं. सेप्टिन-२ या जनुकाचं जुनं लघुनाव 'सेप्ट२'. एक्सेलमध्ये टाकलं की त्याची लगेच २ सप्टेंबर ही तारीख होते. 'मार्च१' ची १ मार्च. २०१६ मध्ये काहींनी तपासलं तर जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात अशा चुका होत्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलमध्ये ही सवय बंद करायची सोय २०२३ मध्ये आली, तोवर बारसं उरकलं होतं.

दुसरं काम जागेचं. खरेदीखतात नुसता गट नंबर असून भागत नाही, चतुःसीमा लागते : पूर्वेला अमुकचं शेत, दक्षिणेला ओढा. ऊतीचं तसंच आहे. फुप्फुसाच्या टोकाचा तुकडा आणि तळाचा तुकडा यांच्यात हवा आणि रक्त यांचं प्रमाण वेगळं असतं, झीजही वेगळी. म्हणून पडद्यावर अवयवाची त्रिमिती प्रतिकृती उघडते. तुम्ही तुमच्या तुकड्याची लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये घालता, तेवढा एक ठोकळा तयार होतो, आणि तो माउसनं ओढत, फिरवत प्रतिकृतीत जिथून तुकडा कापला तिथे नेऊन बसवायचा. शल्यचिकित्सकाला विचारून बसवलात तर दोनचार मिनिटांचं काम. सहा महिन्यांनी आठवून बसवलात तर अंदाजपंचे.

ज्या प्रतिकृतींत हा ठोकळा बसवतात त्यांच्यामागे दोन खरी माणसं आहेत. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं १९९४ मध्ये एका पुरुषाच्या आणि १९९५ मध्ये एका बाईच्या गोठवलेल्या देहाचे आडवे काप घेऊन त्यांची छायाचित्रं खुली केली. पुरुषाचे काप एकेका मिलिमीटरचे, १,८७१. बाईचे तिपटीनं पातळ, ५,००० हून जास्त. कुणाचंही फुप्फुस, कुठलंही वय, कुठलीही उंची, शेवटी या दोघांच्या मापात बसवून बघायचं. हे फार समाधानकारक नाही, जगातली सगळी शरीरं या दोघांसारखी नाहीत. पण मोजायला काहीतरी एकच गज लागतो.

सेननेटवाले याला चौमिती नकाशा म्हणतात. तीन मिती जागेच्या आणि चौथी वयाची.

तिसरं काम मला सगळ्यात आवडतं : फेरफार. ज्यांच्या घरी जमिनीचा वाद चाललाय त्यांना सांगायला नको, आजोबांनी तुकडा विकला आणि फेरफार नोंदवलाच नाही की पुढे काय होतं. सेननेटमध्ये प्रत्येक गोष्टीला एक क्रमांक मिळतो, एसएनटीनं सुरू होणारा, मग तीन अंक, चार अक्षरं, तीन अंक. आधी मूळ स्रोताची नोंद, म्हणजे माणूस किंवा उंदीर. त्याच्यापासून अवयव. अवयवापासून ठोकळा. ठोकळ्यापासून काप, किंवा सुट्या पेशींचं द्रावण. त्यावर केलेल्या प्रयोगाची माहिती. त्या माहितीवर प्रक्रिया करून निघालेली पुढची माहिती. बापाचा क्रमांक दिल्याशिवाय पोराची नोंद होत नाही. त्यामुळे कुठल्याही आलेखावरून उलटं चालत गेलं की त्या माणसापर्यंत पोचता येतं.

प्रत्येक पायरीला एक तक्ता भरायचा. तुकडा शरीरातून काढल्यापासून गोठवेपर्यंत किती वेळ गेला? मेणात बसवला की थेट गोठवला? काप किती मायक्रॉनचा? हे प्रश्न बिनकामाचे नाहीत. रक्तपुरवठा तुटला की तासाभरातच पेशी घाबरतात, तणावाची जनुकं चालू करतात, आणि त्यातली काही थेट थांबलेल्या पेशींच्या चिठ्ठ्यांसारखी दिसतात. वेळ लिहिला नसेल तर तुम्हाला म्हातारपण सापडलंय की शस्त्रक्रियेच्या खोलीतली दिरंगाई, कसं कळणार? तक्त्यात रिकामा रकाना ठेवला, एकक लिहिलं नाही, यादीत नसलेला शब्द घातला, की तपासणारी प्रणाली तक्ता परत पाठवते. संशोधक यावर भरपूर वैतागतात. मीही वैतागले असते, हे कबूल करते. चार दिवस प्रयोग आणि आठ दिवस तक्ता, असं झालं की कुणालाही वाटेल आपण शास्त्रज्ञ की तलाठी.

आपल्याकडे हे अगदी नवीन नाही. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. 'लासी' हा भारतातल्या वार्धक्याचा मोठा अभ्यास तिथून चालतो. २०१७-१८ मधल्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून जास्त जण त्यात होते. घरोघरी जाऊन प्रश्न विचारले, पकडीचा जोर मोजला, बोट टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. या अभ्यासाचे प्रश्न मुद्दाम अमेरिकेतल्या आणि इतर देशांतल्या अशाच अभ्यासांशी जुळवून बेतले आहेत. त्यामुळे साताऱ्याच्या आजींच्या पकडीचा आकडा मिशिगनच्या आजींच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. पेशी असो वा आजी, मोजायची रीत आधी ठरवावी लागते. मागाहून जुळवू म्हटलं की जुळत नाही.

कुणाला दाखवायचं

मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पातल्या लोकांनी १९९६ मध्ये बर्म्युडात बसून ठरवलं होतं की वाचलेला डीएनए २४ तासांत जगाला खुला करायचा. सेननेटला ते शब्दशः जमणारं नाही. इथे डीएनए एका ठरावीक माणसाचा आहे, त्याच्याबरोबर त्याचं वय, आजार, सवयी आहेत. नाव काढून टाकलं तरी डीएनए स्वतःच ओळखपत्र असतं. म्हणून वाटणी केली आहे. कुठल्या पेशीत कुठलं जनुक किती चालू, असे हिशेब आणि सूक्ष्मदर्शकाची चित्रं खुली. माणसाचा कच्चा, अक्षरन् अक्षर डीएनए मात्र कुलपात. अर्ज करायचा, कशासाठी हवा ते सांगायचं, मंजुरी मिळाली तर बघायचा.

प्रकल्पाला पैसा एनआयएचच्या ज्या सामाईक निधीतून मिळतो, त्याचा नियम असा की कुठल्याही उपक्रमाला जास्तीत जास्त दहा वर्षं. हा निधी मांडव घालून देतो, संसार ज्याचा त्यानं करायचा. पण एवढ्या माहितीच्या साठवणीचं भाडं अकराव्या वर्षी कोण भरणार, हा प्रश्न उरतोच. तिथेही काही झालं तर 'अगं, वहीत बघ'.

तोवर संकेतस्थळ उघडं आहे. खुल्या झालेल्या नोंदी बघायला पासवर्ड लागत नाही. एखादी नोंद उघडून तिचा वंशवृक्ष बघा, उलटं चालत जा : आलेख, काप, ठोकळा, अवयव, आणि शेवटी तो देणारा माणूस. नाव नाही. स्त्री की पुरुष, वय, उंची-वजन, असे मोजके रकाने.

वयाच्या रकान्याचीही एक गोष्ट आहे. रुग्णांच्या गोपनीयतेचा अमेरिकेतला जो कायदा आहे, त्यातल्या ओळख पुसण्याच्या ठरलेल्या रीतीनुसार ८९ च्या पुढचं नेमकं वय जाहीर करता येत नाही. इतकी म्हातारी माणसं थोडी असतात आणि चटकन ओळखू येतात. त्या सगळ्यांना मिळून एकच शब्द, '९० किंवा अधिक'. शतकाच्या उंबरठ्यावर असूनही धडधाकट होते त्यांच्या पेशी बघायला कुठल्याही वार्धक्य-संशोधकाचा जीव आसुसलेला असतो. ९१ चे आजोबा आणि १०२ वर्षांच्या आजी या रीतीनं मोजले की एकाच रकान्यात जातात. म्हणजे तिथेही शेवटी कुपीवर 'ओल्ड' एवढंच लिहिलेलं.